नर्सबाईंचा डूख

नर्सबाईंची कुणी माफी मागितली की त्यांना जास्तच राग यायचा. मूळ चुकीचा आला असेल त्याच्या दुप्पट. "चूक त्यानं करायची आन माफ करायचं काम माझं. मला दुसरा धंदा न्हाय व्हय?" असं त्या म्हणायच्या. माफी मागायला येणारा माणूस स्वतःचं ओझं उतरवायला येतो, आपलं नव्हे, हे त्यांचं ठाम मत होतं. त्यामुळं त्यांना ओळखणारी माणसं त्यांच्या बाबतीत चुकली तर हात जोडत बसत नसत. गप्प राहून चूक दुरुस्त करायला लागत. तेवढंच बाईंना चालायचं, आणि दुरुस्ती झाल्यावरही त्या विसरायच्या नाहीत.

उपकेंद्रातली नर्सबाई तुम्हीही पाहिली असेल. एका हातात लशींचा डबा, दुसऱ्या खांद्याला रजिस्टरांची पिशवी, उन्हात एसटीची वाट बघणारी. आमच्या नर्सबाई तशाच. गाव बावडा. सगळी नोकरी इंदापूर तालुक्यातल्या खेड्यांत गेली आणि निम्म्या तालुक्याची बाळंतपणं त्यांच्या हातची. नाव होतं, पण ते फक्त पगारपत्रकावर. निवृत्त झाल्या तरी शेंबडं पोरसुद्धा त्यांना नर्सबाईच म्हणायचं. अंगानं बारीक, चालणं घाईचं, आणि डोळे असे की समोरच्याला आपण शेवटचं खोटं कधी बोललो ते आठवावं.

त्यांची स्मरणशक्ती हा भीतीचा विषय होता. एकदा बाई आणि मी आजारी माणसांची माहिती गोळा करायला एका वस्तीवर गेलो. घरातल्या मालकिणीला गर्भाशयाचा कर्करोग झाला होता. तिनं सतरंजी टाकली, चहा ठेवला. कप हातात घेतल्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या सासूनं मला वळचणीला येगळा कप ठिवला हुता. तुमच्या थोरल्याच्या बाळंतपणाला. रातभर माझं हात त्याच्या डोक्याला हुतं, पर कप येगळा. माझ्या ध्यानात हाय." ती बिचारी खाली बघायला लागली. मला वाटलं, संपलं, आता इथून आपल्याला काही मिळत नाही. बाईंनी चहा संपवला, कप स्वतः विसळला, तिच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "आता सांगा. दुखतं कुठं?" त्या मालकिणीनं नवऱ्यालाही न सांगितलेलं सगळं त्यांना सांगितलं. गोड बोलणाऱ्या माणसाला लोक आपलं दुखणं सांगत नाहीत, हे मी त्या दिवशी शिकले.

आमची गाठ पडली ती एका अभ्यासामुळं. कर्करोगाचे उपचार होऊन घरी आलेली माणसं जगतात कशी, घास गिळवतो का, झोप लागते का, चारचौघांत जावंसं वाटतं का, हे विचारणारे अभ्यास पुष्कळ होतात. पण त्यांत खेड्यातली माणसं येत नाहीत. येतात ती शहरातली, शिकलेली, त्यातल्या त्यात बरी असलेली. म्हणून माणसांना अशा अभ्यासात बोलावण्याची कोणती रीत चांगली, याचाच एक अभ्यास निघाला होता. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या रुग्णांची यादी केली आणि चिठ्ठ्या टाकून तिचे तीन भाग पाडले. काहींना पत्र पाठवायचं, काहींना फोन करायचा, काहींच्या घरी जायचं. होकार दिला की त्याच रीतीनं प्रश्नावली भरून घ्यायची. ज्या रीतीनं जास्त माणसं येतील, ती पुढं सगळीकडं वापरायची.

मी वडगाव निंबाळकरची. ऊस आणि चार जर्शी गाया असलेलं घर. समाजकार्याची पदवी घेऊन बारामतीत नोकरी शोधत होते, ती या अभ्यासात मिळाली. पत्रं आणि घरभेटी माझ्याकडं होत्या. फोन समन्वयक सर स्वतः करायचे. त्यांचं नाव मी लिहीत नाही. दया म्हणून नव्हे. नाव लिहिलं की लोक नावाबद्दल बोलतात, केलेल्या गोष्टीबद्दल नाही. घरभेटींसाठी ओळखीचं माणूस हवं म्हणून आम्ही जाहिरात दिली आणि नर्सबाई आल्या. मुलाखतीत त्यांनीच मला एक प्रश्न विचारला. जाहिरातीखाली ज्या साहेबांचं नाव आहे ते गावात हिंडणार की ऑफिसात बसणार? ऑफिसात, मी म्हणाले. "बरं हाय," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या स्कूटीवर मागं बसू लागल्या.

पत्रांचा निकाल लवकर लागला. बरीच परत आली, काही उघडलीच गेली नाहीत. "कागद आला म्हंजे बँकेचा न्हायतर कोर्टाचा. कोण उघडंल?" असं बाईंनी आधीच सांगितलं होतं. पण एक पत्र उघडलं गेलं, आणि ते माझ्याच गावात. वडगावच्या एका आजींना घरच्यांनी आजाराचं नाव सांगितलं नव्हतं. साधी गाठ होती, काढली, एवढंच त्यांना ठाऊक. माझ्या पाकिटावर कोपऱ्यात अभ्यासाचं नाव छापलेलं होतं, त्यात कर्करोग हा शब्द होता. पोस्टमननं पाकीट आजींच्याच हातात दिलं. नातीनं मोठ्यानं वाचून दाखवलं. आजींनी त्या दिवसापासून जेवण सोडलं.

हे कळलं तेव्हा मी रडले आणि बाईंना म्हणाले की मी जाऊन पाया पडते, माफी मागते. बाई कधी नव्हे त्या माझ्यावर कडाडल्या. "माफी मागून तू मोकळी हुशील. म्हातारीनं काय करायचं त्या माफीचं?" त्यांनी मला आजींच्या घरी नेलं आणि त्यांच्यासमोर बसवलं. जे लपवलं होतं ते बाईंनी सावकाश, एकेक करून सांगितलं. गाठ काढली आहे, आता काय उरलंय, काय होऊ शकतं, काय होणार नाही. आजींनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर मिळेपर्यंत आम्ही उठलो नाही. निघताना आजींनी दोन घास खाल्ले. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "दर गुरवारी हितं यायचं. तुझं बी ध्यानात ठिवलंय मी." मी जाऊ लागले.

घरभेटी हळू चालायच्या. एका दिवसात तीन घरं झाली तर खूप. एका घरी बाई प्रश्नावली बाहेर काढण्याआधी अर्धा तास गाईच्या कासेबद्दल बोलल्या. दुसऱ्या घरी रुग्णाची सून दार अडवून उभी राहिली, तर बाईंनी तिच्या कडेवरचं पोर घेतलं, त्याच्या डाव्या दंडावरची लशीची खूण बघितली आणि हे माझ्या हातचं न्हाय, कुठलं, असं विचारून आत गेल्या. एवढं करून माणसं येत होती आणि खरं सांगत होती. खरं म्हणजे भयंकर. दुखण्याच्या गोळ्यांसाठी पुण्याला जावं लागतं म्हणून दात आवळून पडून राहणारी माणसं आम्ही गावोगाव पाहिली. या अभ्यासातल्या उत्तरांवर आणखी एक गोष्ट ठरणार होती. माणसांना खरोखरच वेदना असल्याचं दिसलं, तर इंदापुरात फक्त दुखणं कमी करण्यासाठीचा दवाखाना सुरू करायचा, असं अभ्यासाच्या प्रमुख मॅडमनी कबूल केलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं. "दुखत न्हाय असं लिवलं, की औषिध कोण देणार?" हे त्या येता-जाता म्हणायच्या. मला तेव्हा ते नुसतं बोलणं वाटायचं.

आठव्या महिन्यात समन्वयकांनी आकडे लावले. फोनची रीत घरभेटीच्या कितीतरी पुढं होती. फोन केलेली बहुतेक माणसं तयार झाली होती, बहुतेकांनी पूर्ण प्रश्नावली भरून दिली होती आणि बहुतेकांचं बरं चाललं होतं. घरभेटी बंद करून सगळं फोनवर न्यावं, असं त्यांनी मॅडमना कळवूनही टाकलं. मी खचले. बाईंना सांगितलं तर त्या खचल्या नाहीत. त्यांनी फोनच्या यादीतली बावड्याची नावं मागितली. मी लॅपटॉप उघडून वाचत गेले. एका नावावर त्यांनी हात वर केला आणि ते पुन्हा वाचायला लावलं.

ते आबांचं नाव होतं. आबा बाईंच्या घरापासून चौथ्या घरात राहायचे. घशाच्या कर्करोगात त्यांचं स्वरयंत्र काढलं होतं. गळ्याला भोक, त्यावर रुमाल, बोलणं पाटीवर लिहून. यादीत त्यांच्या नावापुढं लिहिलं होतं की त्यांनी फोनवर वीस मिनिटं माहिती दिली आणि बोलताना त्यांना कसलाही त्रास होत नाही.

बाईंनी मला त्यांच्या घरी नेलं. दुपारची वेळ होती. त्यांनी पेटीतून एक प्लास्टिकची पिशवी काढली आणि तिच्यातले दोन कागद माझ्या मांडीवर ठेवले. झेरॉक्स होत्या. बाईंचे मिस्टर लोणी देवकरच्या एका कारखान्यात फिटर होते. त्यांना जिभेचा कर्करोग झाला, जीभ काढावी लागली आणि शेवटचे महिने नाकातल्या नळीवर गेले. दवाखान्यात असाच कुठला तरी अभ्यास चालू होता. एका तरुण साहेबानं येऊन मिस्टरांची एक सही घेतली होती, नंतर तो परत दिसला नाही. मिस्टर गेल्यावर कारखान्यात द्यायला म्हणून बाईंनी फाइलच्या प्रती मागितल्या, त्यांत चुकून हे दोन कागद आले. पहिल्यावर होतं: जेवण नेहमीप्रमाणे, झोप चांगली, वेदना नाहीत, बोलताना त्रास अजिबात नाही. प्रत्येक उत्तरापुढं सुबक टिक. दुसऱ्या कागदावर तीच उत्तरं, त्याच टिका. फक्त तारीख वेगळी. ती तारीख मिस्टर गेल्यानंतरची, त्यांच्या जलदानविधीची होती. दोन्ही कागदांखाली प्रश्न विचारणाऱ्याचं नाव आणि सही होती. नाव आमच्या समन्वयकांचं होतं.

मी विचारलं, म्हणून नोकरीला आलात? बाईंनी मान डोलावली. जाहिरातीत नाव वाचलं तेव्हापासून त्या वाट बघत होत्या. "एकदा टिक मारून पचलेला माणूस दुसऱ्यांदा मारनारच. फकस्त हितल्या मानसांवर मारतोय का, तेवढंच बघायचं हुतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळंच मला भीती वाटली. मी त्यांना तिथल्या तिथं मॅडमना फोन करू म्हणाले. त्या नाही म्हणाल्या. फोनवर नको, समोरासमोर.

पुढचे दहा दिवस आम्ही फोनच्या यादीतली माणसं शोधत हिंडलो. काहींना खरोखर फोन आले होते, ते आम्ही तसंच लिहून घेतलं. बाई त्याबाबतीत माझ्यापेक्षा कडक होत्या. पण पुष्कळांना आलेच नव्हते. एका बाईंनी पूर्ण प्रश्नावली दिल्याची नोंद होती, आणि त्या फोनच्या तारखेआधीच वारल्या होत्या. त्यांच्या मुलानं आम्हाला मृत्यूचा दाखला दाखवला आणि विचारलं की आमच्या आईनं काय सांगितलं म्हणे? बाईंनी मला यादीतलं त्याला वाचून दाखवायला लावलं. "बरं चाललंय," मी वाचलं. त्या पोराच्या चेहऱ्याकडं बघून मला पहिल्यांदा समन्वयकांचं वाईट व्हावंसं वाटलं. नोकरी जावी असं नव्हे. त्याहून वाईट.

बैठक बारामतीत होती. प्रमुख मॅडम मुंबईहून आल्या होत्या, बाहेरचे दोन तज्ज्ञही होते. समन्वयकांनी भिंतीवर तक्ते दाखवले, फोनच्या रीतीचे फायदे सांगितले. बाई मागच्या रांगेत आबांना घेऊन बसल्या होत्या. प्रश्न विचारा म्हटल्यावर त्या उठल्या आणि आबांचं नाव घेऊन विचारलं की यांच्याशी तुमी सोता बोललात का. समन्वयकांनी यादी पाहिली आणि हो म्हणाले. चांगले गृहस्थ आहेत, भरपूर बोलले. काय बोलले, असं बाईंनी विचारलं. त्यांनी वाचलं की बोलताना त्रास नाही, माणसांत मिसळतात, समाधानी आहेत.

"आबा, उठा," बाई म्हणाल्या.

आबा उठले आणि त्यांनी गळ्याचा रुमाल सोडला. त्या भोकातून येणारा श्वास तेवढा सगळ्यांना ऐकू येत होता. मग आबांनी पाटीवर लिहिलं आणि पाटी मॅडमकडं धरली. मला कुणी विचारलं नाही, एवढंच लिहिलं होतं.

समन्वयक म्हणाले की टायपिंगमध्ये ओळ सरकली असेल. बाईंनी मग एकेक नाव घेतलं, न बघता, त्यांच्या डोक्यातून. शेवटी वारलेल्या बाईंचं घेतलं. मॅडमनी बैठक थांबवली. बाहेर व्हरांड्यात समन्वयकांनी बाईंना गाठलं. खूप काम होतं, वरून दबाव होता, मला माफ करा, असं ते म्हणत होते. बाईंनी पिशवीतले दोन कागद काढून त्यांच्यापुढं धरले. आधी त्यांना काही कळेना. मग त्यांनी आपली सही ओळखली. माणसाचं तोंड पांढरं पडतं म्हणजे काय ते मी त्या व्हरांड्यात पाहिलं आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

मॅडमनी बाईंना आत बोलावून विचारलं की तुम्हाला काय हवं आहे. तक्रार करायची तर त्या सोबत राहणार होत्या. लेखी माफी हवी तर तीही मिळणार होती. बाई म्हणाल्या, "माफी नको. माझ्या मिस्टरांचा कागद पुन्यांदा भरायचा. ह्यांनीच. माझ्या घरी यून, माझ्यासमोर बसून, एकेक प्रश्न तोंडानं इचारून." मॅडम म्हणाल्या की असा कागद कुठल्याच अभ्यासात धरता येणार नाही. बाईंना ते ठाऊक होतं.

रविवारी समन्वयक बावड्याला आले. साक्षीदार म्हणून मी होते. बाईंच्या घरातून चहा न घेता गेलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. त्या दिवशी चूल पेटलीच नाही. पाण्याचा तांब्या मात्र भरून समोर ठेवलेला होता. मी बघतेय हे पाहून बाई म्हणाल्या, "पान्याला न्हाय म्हननारी मानसं आमी न्हाय." मग त्या भिंतीला टेकून बसल्या आणि त्यांनी समन्वयकांना कोरी प्रश्नावली काढायला सांगितली.

ते वाचत गेले, बाई सांगत गेल्या. जेवताना त्रास व्हायचा का? बाईंनी सांगितलं की मिस्टरांना नळीतून पेज जायची, पण घरात भाकरी भाजली की ते तोंड फिरवायचे. म्हणून त्या शेजारणीकडं जाऊन भाजायच्या. एक दिवस त्यांनी खुणेनं सांगितलं की हितंच भाज, निदान वास तरी येऊ दे. बोलताना? ते खाटेच्या लोखंडावर बोट वाजवायचे. एकदा म्हणजे पाणी, दोनदा म्हणजे कूस बदलायची, तीनदा म्हणजे काही नको, नुसती येऊन बस. वेदना? बाईंनी एकेक दिवस तारखेनिशी सांगितला. समन्वयकांनी कुठं एका शब्दात उरकलं की त्या थांबवायच्या आणि सगळं लिहून घ्यायला लावायच्या. कागदाची जागा संपली, मग पाठीमागं, मग मी वहीचे कागद दिले.

घरच्यांवर आपला भार पडतो असं वाटायचं का, हा प्रश्न आला तेव्हा बाईंनी आधी उठून दार लोटलं. मग सांगितलं की एकदा मिस्टरांनी औषधाच्या खोक्यावर लिहिलं होतं, मला दवाखान्यात सोडून ये आणि परत न्यायला येऊ नको. हे त्यांनी मुलांनाही कधी सांगितलं नव्हतं. समन्वयकांनी पेन खाली ठेवलं आणि ते रडायला लागले. सुई टोचल्यावर पोर रडतं तेव्हा नर्स जशी पुढच्या पोराची सुई भरत थांबते, तशा बाई थांबल्या. मग म्हणाल्या, "लिवा."

सकाळी दहाला बसलेले, दोन वाजून गेले. शेवटी बाईंनी सगळं मोठ्यानं वाचायला लावलं. खाली त्यांची सही घेतली, स्वतःची केली, तारीख त्याच दिवसाची घातली. समन्वयक उठताना ताई म्हणून काही बोलणार होते. बाईंनी हात वर केला. ते गेले. मी विचारलं की झालं का समाधान? बाई तांदूळ निवडायला बसल्या होत्या. "समाधानासाठी न्हवतं केलं. त्याला ठाव असावं म्हनून केलं," त्या म्हणाल्या.

माझं मात्र समाधान झालं नव्हतं. समन्वयकांनी वैयक्तिक कारणासाठी राजीनामा दिल्याचं पत्र निघालं, तेवढंच. वर्षभरात त्यांना दुसरीकडं याच्याहून मोठी जागा मिळाली. मी ती बातमी बाईंना जळफळत सांगितली. त्या म्हणाल्या, मिळू दे, माझा कागद त्याच्याच अक्षरात हाय. आमच्या अभ्यासातली फोनची खोटी उत्तरं फेकली गेली, अभ्यास लहान झाला, माझी नोकरी सहा महिने आधी संपली. उरलेल्या खऱ्या उत्तरांत घरभेटच पुढं होती. मॅडमनी अहवाल लिहिताना बाईंना विचारलं की यातून काय शिकायचं. बाई म्हणाल्या, "रीतीचं काय घिऊन बसलाय? दारात कोन हुबं हाय, ते बघत्यात लोक." इंदापुरात तो दवाखाना निघाला, पण या खोट्या उत्तरांच्या घोळामुळं उशिरा आणि पंधरा दिवसांतून एकदाच. आबा त्याच्या आधी तीन आठवडे गेले. तळमळत गेले. बाईंनी तेही समन्वयकांच्याच नावावर लावलं, आणि मीही.

पुढं बाईंच्या किडन्या गेल्या. साखर जुनी होती. बारामतीला डायलिसिससाठी यायच्या तेव्हा मी जाऊन बसायचे. नात्यातली बायामाणसं भेटायला येऊन सांगायची की आता मनात काही ठेवू नका, सगळ्यांना माफ करून टाका, जीव हलका होईल. बाई त्यांच्याकडं बघत राहायच्या. शेवटच्या भेटीत मीही विषय काढला, पण मी सांगितलं नाही, विचारलं. बाई, तुम्ही त्या माणसाला माफ केलंत का?

"न्हाय," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "इचारलंस ते बरं केलंस. बाकीची समदी मला सांगत्यात."

आणि मला, मी विचारलं. वडगावच्या आजींच्या पत्राचं?

"तुला बी न्हाय. गुरवारी जातीस न्हवं? जात ऱ्हा." असं म्हणून त्यांनी माझा हात धरला आणि मशीन थांबेपर्यंत सोडला नाही. माझ्यावर इतकी माया दुसऱ्या कुणी केल्याचं मला आठवत नाही.

आठ दिवसांनी त्या गेल्या. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला बावड्यात मांडव पुरला नाही. तालुकाभरची माणसं आली होती, ज्यांना बाईंनी जन्माला घातलं ती आणि ज्यांना त्यांनी कधी माफ केलं नाही ती. वंदना झाल्यावर एकेक जण उठून बाईंबद्दल चार शब्द बोलत होता. मागच्या बाजूला, पांढऱ्या शर्टात, समन्वयक उभे होते. बाईंच्या मुलीनं, प्रज्ञानं, मला हळूच विचारलं की ते कोण. मी सांगितलं. कागद भरल्याचं तिला नंतर आईकडून कळलं होतं, पण माणूस तिनं पाहिला नव्हता. मला वाटलं ती त्यांना घालवून देईल. ती उठली, त्यांच्याकडं गेली आणि माइक त्यांच्या हातात दिला. आईला तुम्ही कसे ओळखता ते सांगा, एवढंच म्हणाली.

त्यांना नाही म्हणता आलं नाही. ते म्हणाले की ताईंच्या मिस्टरांच्या आजारपणात माझ्या हातून थोडी चूक झाली होती. मग ते बाईंच्या फोटोकडं वळले. "पण ताई फार मोठ्या मनाच्या होत्या. शेवटी त्यांनी मला माफ केलं."

मांडवात माना हलल्या. कुणीतरी डोळे पुसले. प्रज्ञा माझ्याकडं बघत होती.

मी उठले. चार माणसांत बोलायची मला सवय नाही. मी त्यांच्या हातातून माइक घेतला आणि सगळं सांगितलं. जलदानविधीच्या तारखेचा कागद, वारलेल्या बाईंचं बरं चाललंय, आबांचं समाधान, कुणाला किती त्रास झाला ते. वाढवलं काही नाही, सोडलंही काही नाही. गर्दी इतकी होती की त्यांना निघून जायला वाट नव्हती, ते माझ्या शेजारीच उभे होते. शेवटी मी त्यांच्याकडं वळले, पण बोलले मांडवाला ऐकू जाईल असं.

"बाईंनी यांना माफ केलेलं नाही," मी म्हणाले. "मी विचारलं होतं."